पाठ अकरावा : शाळेचे दार

आपल्या मसाल्याच्या डब्यात लवंग असते. लवंगेसाठी प्रसिद्ध असे एक बेट आहे. त्याचे नाव झांजिबार. आपली जुनी माणसे त्याला जंगबार म्हणत. कोकणच्या किनाऱ्यावरून पश्चिमेचा समुद्र ओलांडला, की आफ्रिका खंड लागते. तिथे टांझानिया नावाचा मोठा देश आहे. झांजिबार बेट त्याच देशात मोडते.

तिथले लोक घरी आपापली बोली बोलतात. अशा शंभराहून जास्त बोली आहेत. पण साऱ्यांना जोडणारी भाषा एकच, ती म्हणजे स्वाहिली. स्वाहिलीत पुस्तकाला किताबू म्हणतात, लेखणीला कलामू म्हणतात. ओळखीचे वाटतात ना हे शब्द? किताब आणि कलम हे मूळचे अरबी शब्द. ते तिकडेही गेले आणि आपल्याकडेही आले.

मास्तर राज्यकर्ते झाले

या देशाच्या मुख्य भूमीवर पूर्वी इंग्रजांचे राज्य होते. ते १९६१ साली गेले. लोकांचे पुढारी होते ज्यूलियस न्येरेरे. ते पूर्वी शाळामास्तर होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, तरी लोक त्यांना ‘म्वालिमू’च म्हणत. म्वालिमू म्हणजे गुरुजी.

१९६७ साली पाहणी झाली. शंभर प्रौढांत ६७ जणांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुले मोठी होऊन शिकतील, तोवर थांबायचे का? न्येरेरे म्हणाले, थांबायचे नाही. मोठ्यांना आधी शिकवू. १९७० हे वर्ष प्रौढ शिक्षणाचे वर्ष ठरले. जागा मिळेल तिथे वर्ग भरले. ज्याला येत होते त्याने दुसऱ्याला शिकवले. कापूस पिकवणाऱ्यांसाठी कापसाचे पुस्तक निघाले. मासे धरणाऱ्यांसाठी माशांचे निघाले. आपल्या कामाचे अक्षर लवकर डोक्यात शिरते, हे त्यांनी ओळखले.

१९७३ साली आरोग्याची मोहीम निघाली. गावोगाव माणसे रेडिओभोवती बसत. ज्याला वाचता येई तो पुस्तिका मोठ्याने वाची. मग सारे बोलत, आणि उठून संडासाचे खड्डे खणत. अशा गटांत सुमारे २० लाख माणसे आली.

मुलांचेही ठरले. १९७४ साली निश्चय झाला, की १९७७ पर्यंत प्रत्येक मूल प्राथमिक शाळेत यायचे. शिक्षक कमी होते. तेव्हा सातवी झालेल्या तरुणांनाच शिकवता शिकवता शिक्षक केले. १९८६ च्या सरकारी तपासणीत निरक्षर उरले शंभरात १०.

दार पुन्हा लोटले

पण पुढे दिवस फिरले. तेल महागले. कॉफी आणि कापूस विकून पैसा पुरेसा येईना. शेजारच्या युगांडाशी १९७८-७९ साली लढाई झाली. तिजोरी रिकामी झाली, कर्ज चढले. मग १९८० नंतरच्या वर्षांत शाळेची फी पुन्हा सुरू झाली.

गरिबाच्या घरी चार मुले असली, तर बाप काय करणार? एकाला शाळेत धाडतो, तिघांना गुरांमागे. मुलगी तर बहुधा घरीच राहते. शाळेत येणाऱ्या मुलांचे प्रमाण घसरले. प्रौढांचे वर्गही थंडावले. २००२ च्या जनगणनेत शंभरात सुमारे ३० प्रौढ निरक्षर निघाले. गुळगुळीत झालेली पाटी पुन्हा गिरवावी लागली.

दार उघडले, पण आत?

२००१ साली प्राथमिक शाळेची फी रद्द झाली. मुलांची रांग लागली. २००० साली प्राथमिक शाळांत सुमारे ४४ लाख मुले होती. २००७ साली ती सुमारे ८३ लाख झाली. फार मोठी गोष्ट झाली ही. पण मुले जवळजवळ दुप्पट झाली, तरी शिक्षक आणि खोल्या तितक्या वेगाने वाढल्या नाहीत. कुठे कुठे एकेका वर्गात शंभर मुले बसली. एका पुस्तकात चार-पाच डोकी घुसली. मूल शाळेत जाते, पण वाचायला येत नाही, असेही होऊ लागले.

दुसरी अडचण भाषेची. सरकारी प्राथमिक शाळेत सारे स्वाहिलीत शिकवतात. माध्यमिक शाळेत गेले, की एकदम इंग्रजी. कालपर्यंत चुरूचुरू उत्तर देणारे पोर आज गप्प बसते. त्याला गणित येत नाही असे नव्हे. गणित कोणत्या शब्दांत विचारले तेच कळत नाही.

तिसरी अडचण मुलींची. शाळेत असताना मुलगी गरोदर राहिली, तर तिला काढून टाकत. बाळंतपणानंतरही परत घेत नसत. २०२१ च्या नोव्हेंबरात सरकारने हे बदलले. आता ती परत येऊ शकते. २०१६ पासून माध्यमिक शाळेच्या पहिल्या चार वर्षांची फीही माफ झाली.

यातून काय घ्यायचे?

मंडळी, शाळेचे दार एकदा उघडले म्हणजे काम झाले, असे नाही. ते उघडे धरायला पैसा लागतो, शिक्षक लागतो, पुस्तक लागते. आणि घरातले मोठे माणूस लागते. आई-बापाला वाचता येत असले, तर पोराच्या वहीत काय आहे, हे त्यांना स्वतः पाहता येते.

अक्षराचे आणखी एक आहे. ते वापरले नाही तर विसरते. विळ्याला गंज चढतो, तसेच. म्हणून रोज चार ओळी वाचा. मोठ्याने वाचा, म्हणजे घरच्यांनाही ऐकू जाईल.

शब्दांचे अर्थ
निरक्षर – ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो
प्रौढ – वयाने मोठा माणूस
जनगणना – देशातील माणसांची मोजणी

उत्तरे सांगा
१. न्येरेऱ्यांना लोक ‘म्वालिमू’ का म्हणत?
२. फी पुन्हा सुरू झाल्यावर काय झाले?
३. माध्यमिक शाळेत मूल गप्प का बसते?
४. तुमच्या गावातली किती मुले शाळेत जात नाहीत? त्यांच्या घरी जाऊन कारण विचारा आणि वर्गात सांगा.