सापाचं नक्षत्र, सापाचं घर

माझा जन्म आश्लेषा नक्षत्रावरचा. देवता सर्प, गण राक्षस, आणि वर अशी समजूत की आश्लेषावरची मुलगी सासूला वाईट. जन्मल्यावर माझी रीतसर शांत केली होती म्हणे, पण शांत केल्याचं पत्रिकेत येत नाही, राक्षसगण मात्र येतो. त्यातही पुष्य संपून आश्लेषा लागल्याला तासही झाला नव्हता. जरा घाई केली असती तर मी देवगणी झाले असते. स्थळं बघायला लागल्यावर एका मध्यस्थ काकूंनी सुचवलंसुद्धा, "वेळ जरा अलीकडची लिहा हो, कोण तपासायला येतंय?" बाबा तयार झाले नाहीत.

हे सगळं चालू असतानाच, एप्रिल २०१२ मध्ये, हॅरी पॉटरच्या गोष्टींचं 'पॉटरमोअर' हे संकेतस्थळ सर्वांना खुलं झालं. तिथे काही प्रश्नांची उत्तरं दिली की हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतल्या चार हाऊसपैकी आपलं कोणतं ते कळायचं. धाडसी ते ग्रिफिंडोर, कष्टाळू आणि निष्ठावान ते हफलपफ, बुद्धिमान ते रेव्हनक्लॉ, महत्त्वाकांक्षी आणि धूर्त ते स्लिदरिन. मी स्लिदरिन निघाले. निशाणी साप. इथे शांतीची सोय नव्हती.

पुढे पुण्यातल्या पॉटरवेड्यांच्या एका गटात सामील झाले. पंधरा-वीस माणसं, महिन्यातला एक रविवार, कोणाच्या तरी घरी नाहीतर सारसबागेत. ३१ जुलैला हॅरीचा वाढदिवस, १ सप्टेंबरला शाळा सुरू झाल्याचा सोहळा. माझे उत्तम मित्र तिथे मिळाले, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे बरीच कुरकुर आहे.

१. टाळ्या आपणही वाजवलेल्या असतात.

जुलै २०११. शेवटचा चित्रपट, खचाखच भरलेलं थिएटर. हॉगवर्ट्सवर हल्ला होणार असतो, स्लिदरिनची एक मुलगी म्हणते की हॅरीला देऊन टाका, आणि प्रोफेसर मॅकगोनागल अख्ख्या स्लिदरिन हाऊसला तळघरात नेऊन ठेवायला सांगतात. बोलली एक, तळघरात सगळे. पुस्तकात त्यांना शाळेबाहेर काढतात, तळघर चित्रपटवाल्यांचं. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. त्यात माझ्याही टाळ्या होत्या, शिट्टी येत नाही म्हणून वाजवली नाही एवढंच. नऊ महिन्यांनी मी स्वतःच तळघरात होते. त्यामुळे गटातल्या कोणावर फार चिडायचा अधिकार मला नाही. तरी मी चिडते.

२. धूर्त माणसाची बेरीज चुकू शकते, यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

एका वर्षी ३१ जुलैच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडे होता. "पैसे सापाच्या ताब्यात" म्हणून आधीच हशा पिकलेला. शेवटी हिशेबात ७०० रुपये कमी भरले. मी वही पुन्हा पुन्हा तपासली. केकचे पैसे मीच दोन पानांवर लिहून जमेतून दोनदा वजा केले होते. रोकड पाकिटात पुरेपूर होती. मी जाऊन सांगितलं, "अहो, माझी बेरीज चुकली." कोणी ऐकेना. एकाने डोळा मारला. दुसरा म्हणाला, "तुझी बेरीज चुकते? तूच काहीतरी डाव केला असणार, आणि आता अंगाशी आल्यावर सावरतेयस." थट्टाच होती. पण शाळेत गणितात ३५ गुणांची मारामार असलेल्या बाईला पहिल्यांदाच कोणी इतकं हुशार समजत होतं, आणि त्याचा आनंद घ्यायचीही सोय नव्हती. गबाळेपणा हा माझा खरा दोष आहे. तो मला कोणी लावून द्यायला तयार नाही.

३. पुस्तकातले दाखले देऊन वाद जिंकता येत नाही.

मी पुष्कळ दिले. हॅरीच्या आईवडिलांचा विश्वासघात करणारा पीटर पेटिग्रू ग्रिफिंडोरचा होता. मर्लिन स्लिदरिनचा होता, असं खुद्द लेखिका रोलिंगबाईंनी लिहून ठेवलंय. शेवटच्या लढाईत म्हातारे स्लगहॉर्न रात्रीच्या पायजम्यानिशी उभे राहिले, तेही स्लिदरिनचेच. प्रत्यक्ष मुख्याध्यापक डंबलडोर एकदा स्लिदरिनच्या स्नेपला म्हणतात की आपण मुलांची वाटणी जरा लवकरच करतो की काय. अकराव्या वर्षी डोक्यावर टोपी ठेवायची आणि जन्माचा निकाल लावायचा. टोपीलाही जमत नाही कधीकधी. पाच मिनिटांहून जास्त वेळ तिला ठरवता आलं नाही तर त्याला 'हॅटस्टॉल' म्हणतात, आणि मॅकगोनागलबाई नि हा पेटिग्रू, दोघंही त्यातले. पाचव्या पुस्तकात तर टोपी स्वतःच गाण्यातून शंका काढते की मुलांना असं वाटणं हीच चूक नाही ना.

पेटिग्रू म्हणजे अपवाद, असं उत्तर आलं. स्लगहॉर्नही अपवाद. मी आणखी नावं काढली तेव्हा एक जण कौतुकाने म्हणाला, "काय वकिली करतेस गं! अगदी स्लिदरिन." तेव्हापासून मी दाखले देणं सोडलं.

४. चांगला शिक्का जास्त महाग पडतो.

हे कळायला मला सर्वांत उशीर लागला, कारण मी स्वतःच्याच शिक्क्याचं दुःख कुरवाळत बसले होते.

आमच्या गटात एक हफलपफ होती. हफलपफ म्हणजे मेहनती, सोशिक, जिवाला जीव देणारे. त्यांची बैठकीची खोलीही हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघराशेजारी. शिवाय २००९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पॉटरवर एक विनोदी संगीतनाटक केलं, त्यात हफलपफवाले काय तर वस्तू शोधण्यात पटाईत, असा एक विनोद आहे. तो जगभर इतका पसरला की आमच्याकडे चष्मा, किल्ली, पार्किंगमधली स्कूटर, काहीही हरवलं की हाक तिलाच. सतरंज्या तिच्या गाडीतून यायच्या. कप ती विसळायची. रात्री उशीर झाला की लांब राहणाऱ्यांना ती सोडायची, मग तिचं घर उलट्या दिशेला का असेना. "तू हफलपफ ना!" असं म्हटलं की ती हसायची आणि आम्ही मोकळे.

एका रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या खेपेला मी फोन केला. म्हटलं, "अगं, रागावलीस का? तू तर कधी रागावत नाहीस." ती शांतपणे म्हणाली, "ताई, मला दर महिन्याला राग यायचा. कोणी विचारलं नाही."

मला काही बोलताच येईना. धूर्त म्हटलेल्या माणसाकडे निदान लोक बघत तरी असतात, जरा संशयाने का होईना. सोशिक म्हटलेल्या माणसाकडे कोणी बघतच नाही. गरीब गाय म्हणायचं आणि धार काढत राहायची.

त्याच सुमारास आमच्या रेव्हनक्लॉचंही कळलं. हा मुलगा सीएचं करत होता आणि प्रश्नमंजूषेत कायम पहिला. त्यांच्या बैठकीच्या दारावर परवलीचा शब्द नसतो, कोडं सोडवलं तरच आत प्रवेश, हे तो अभिमानाने सांगायचा. त्याचा फायनलचा निकाल लागला, त्यात तो नापास झाला, आणि आठ महिने त्याने आम्हाला सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नव्हतं, आम्ही तो पास झाला असं धरूनच चाललो होतो. एकदोघांनी तर पेढे मागितले. त्याने आणून दिले. चितळ्यांचे. त्या पेढ्यांची आठवण आली की अजून घशात अडकल्यासारखं होतं.

५. ग्रिफिंडोर मंडळींना गडावर नेताना पट्टी, कापूस आणि जखमेचं मलम बरोबर ठेवावं. याहून अधिक काही सांगण्यासारखं नाही.

६. हाऊस बदलून बघायला हरकत नाही, पण खाज सुटते.

मी बदललं होतं. नवं खातं काढून, रेव्हनक्लॉ यावं अशी उत्तरं बेतून, परीक्षा पुन्हा दिली आणि आले एकदाची रेव्हनक्लॉच्या निळ्यात. निळा मफलर घेतला. लोकरीचा, स्वस्तातला. तीन महिने मान लाल करून हिंडले. बोलताना आपण पुरेसं बुद्धिमान बोलतोय ना, हे तपासत राहायचे. स्लिदरिनच्या हिरव्यात होते तेव्हा निदान वाटेल ते बरळता येत होतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग काकूंचं काय चुकलं होतं? त्याही जन्मवेळच बदला म्हणत होत्या."

मफलर आता इस्त्रीच्या टेबलावर अंथरायला वापरतो.

७. चार रंगांची पाकिटं.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं खास वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी ते किती जुळतं याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि वाक्यं बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. रोजचं राशिभविष्य वाचून "अगदी खरं" म्हणणाऱ्या आपल्या माणसांना यात नवल वाटू नये.

मी हाच प्रयोग गटात केला. एकच परिच्छेद टाइप केला: तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून कधीकधी डगमगता, आपल्या माणसांसाठी तुम्ही कोणत्याही थराला जाता, तुमच्यातली बरीचशी ताकद अजून वापरलीच गेलेली नाही, वगैरे. लाल, पिवळी, निळी आणि हिरवी पाकिटं आणली. ज्याला त्याला आपापल्या रंगाचं दिलं. बहुतेकांनी माना डोलावल्या. आमचा एक ग्रिफिंडोर तर भावुक होऊन पहिलं वाक्य मोठ्याने वाचणार होता, त्याला कसंबसं थांबवलं.

माझी लबाडी पकडली ती त्या हफलपफने. ती तोवर गटात परतली होती, सतरंज्यांची पाळी लावायची या अटीवर. पण सवय जात नाही. सगळे गेल्यावर जमिनीवर पडलेले कागद तीच गोळा करत होती, आणि गोळा करता करता तिने ते वाचले. मजकूर तोच, पाकिटं चार. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

आमच्या शाळेतही लाल, निळं, हिरवं, पिवळं अशी हाऊस होती. हजेरीच्या क्रमांकाला ४ ने भागायचं आणि उरेल त्यावरून रंग. हिरव्या हाऊसची मुलं कपटी असतात, असं दहा वर्षांत कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. खेळाच्या तासापुरता रंग, घंटा झाली की संपला.

८. शिक्क्याआड लपायला जागा चांगली असते.

हा अनुभव लिहायचा नव्हता. गटातल्या एका कॉलेजच्या मुलीने पॉटरच्या जगातली एक कथा लिहिली होती, चाळीसेक पानांची, मराठीत. तिने ती मला वाचायला दिली. मी बसल्या बैठकीत चाळली आणि चारचौघांत सांगितलं की पहिली दहा पानं फाडून टाक, उरलेल्यातही काही दम नाही. तिचा चेहरा उतरला. मला ते दिसलं. आणि मी म्हटलं, "बाई गं, मी स्लिदरिन. गोड बोलणं आमच्याकडे मिळत नाही." सगळे हसले. तीही हसली.

इतकी वर्षं ज्या शब्दाने मला टोचलं, तोच मी ढालीसारखा पुढे केला. खरं कारण एवढंच होतं की त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं आणि कथा मी नीट वाचलीच नव्हती. वर्षभराने ती पानं पुन्हा मागून घेतली, या वेळी पेन्सिल घेऊन वाचली. पहिली दहा पानं खरोखरच फाडण्यासारखी होती. पण पंधराव्या पानापासून पुढे फार चांगली होती, हे मी तिला सांगितलं आणि माफीही मागितली. ती म्हणाली, "असू दे हो, तुम्ही स्लिदरिन आहात, मला माहीत होतं." म्हटलं, तसं नाही, माझं चुकलं. तिने मान हलवली. पटलं की नाही कोण जाणे. त्यानंतर तिने काही लिहिलेलं मला तरी दाखवलेलं नाही.

९. विचारणारं माणूस.

माझं लग्न २०१३ मध्ये झालं. पत्रिका त्या घरीही गेली होती, आणि आश्लेषा काय म्हणते ते सासूबाईंना चांगलं ठाऊक होतं, त्यांचे वडील पंचांग बघणारे. कांद्यापोह्यांच्या वेळी त्या मला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "राक्षसगण आहे म्हणतात तुझा. खरंच राग येतो का गं लवकर?"

असं सरळ मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "येतो. भूक लागली की येतो."

"मग जेवण वेळेवर ठेवू," त्या म्हणाल्या, आणि पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली.

सासूबाईंना येत्या मार्गशीर्षात ७५ पूर्ण होतील. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे.