आरोग्याची नोंद : एक अभ्यास

इतिहासाचे कोणतेही साधन हाती आले की अभ्यासकाने प्रथम चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो : ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशासाठी लिहिले आणि त्यातून कोण वगळले गेले? दवाखान्यातील संगणकात साठवलेली रुग्णाची नोंद हेही असेच एक साधन आहे. फरक इतकाच की येथील चूक जिवंत माणसाला भोवते.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाच्या आधारे व्यक्तीच्या निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी तिच्या संमतीने जोडता याव्यात, हा त्यामागील हेतू. तो स्तुत्यच आहे. तथापि नोंद सदोष असेल, तर तिच्याबरोबर दोषही रुग्णालयामागून रुग्णालयात जातो.

आपल्या परिसरातील माकडतापाचे उदाहरण घेऊ. हा रोग प्रथम १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. २०१६ साली तो दोडामार्ग तालुक्यात आढळला आणि २०१७ साली इन्सुलीशेजारच्या बांदा परिसरात त्याची साथ आली. गोचिडीच्या चाव्यातून तो पसरतो आणि त्याचा काळ नेमका काजूच्या हंगामाचा. अशा तापाच्या नोंदीची गुणवत्ता कोणत्या गोष्टींवर ठरते?

१. वेळ : ताप सुरू झाल्याचा दिवस आणि केसपेपर काढल्याचा दिवस एक नव्हे. पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणू शोधता येतो, पुढे प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. तारीख चुकली की तपासणीची निवड आणि तिचा अर्थ दोन्ही चुकू शकतात.

२. स्थळ : येथील अनेक रुग्ण उपचारांसाठी गोव्यात बांबोळीला जातात. नोकरीमुळे गोव्यात राहणाऱ्याने तेथील खोलीचा पत्ता सांगितला, तर ज्या बागेत गोचीड चावली ती वाडी नोंदीत येतच नाही. मग प्रतिबंधक उपाय तरी कोठे करायचे?

३. नाव : माहेरचे एक, सासरचे दुसरे, रोमन लिपीत प्रत्येक ठिकाणी निराळे. एका व्यक्तीच्या दोन नोंदी होतात किंवा दोन व्यक्ती एकीतच मिसळतात.

४. रिकामा रकाना : औषधाची ॲलर्जी ‘नाही’ आणि ‘विचारलीच नाही’ यांत जीवन-मरणाचे अंतर असू शकते. कोरी जागा ते अंतर पुसून टाकते.

५. कामाचा भार : तीच माहिती आधी रजिस्टरात, मग संगणकात भरायची, त्यात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क नाही. मग नोंद संध्याकाळी आठवणीने होते, मागील मजकूर तसाच उतरवला जातो, यादीतील पहिलाच पर्याय निवडला जातो. याचा दोष केवळ परिचारिकेवर किंवा आशाताईंवर टाकणे अन्यायाचे ठरेल. पुरेसे मनुष्यबळ आणि एकदाच भरावी लागणारी नोंद, हाच त्यावरील उपाय.

सर्वांत सूक्ष्म दोष चौथ्या प्रश्नातून उघड होतो. दुसऱ्याच्या बागेत मजुरीने काजू वेचणाऱ्या, रानातून पातेरा आणणाऱ्या बाईच्या व्यवसायापुढे ‘गृहिणी’ असे लिहिले जाते. त्या एका शब्दाने तिचे श्रम झाकले जातात आणि तिच्या आजाराचे कारणही. २००१ साली डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील अनेक बालमृत्यू सरकारी नोंदींत येतच नाहीत, हे दाखवून दिले होते. जे मोजले जात नाहीत त्यांच्यासाठी तरतूदही होत नाही. संगणक आला म्हणून हा नियम बदलत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे : तापाची पहिली तारीख लिहून ठेवा, नावाचे एकच स्पेलिंग सर्वत्र द्या, आपण काय काम करतो आणि कोठे करतो हे न विचारताही सांगा, आणि लिहिलेले वाचून दाखवा असे निःसंकोच म्हणा. आरोग्यसेवेत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी समोरच्या माणसाला ते विचारण्याइतका वेळ द्यावा. अक्षर आपल्या हाती मोठ्या कष्टाने आले आहे. ते खरे आणि पुरे लिहिले जाईल हे पाहणे आपले काम आहे.