दिवा कोठे लावावा?

पूर्वी दिवळीत चिमणी असे. मग वीज आली. राहुरी-श्रीरामपूर भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था २०११ पर्यंत वीज देत असे.

राहुरीकडच्या एका घरात दिवा खोलीच्या मधोमध होता. आजी त्याच्याकडे पाठ करून धान्य निवडी. सुपावर तिचीच सावली पडे. "सूनबाई, खडं दिसंनात गं!"

सूनबाईने वायरमनकडून दिवा बाजूच्या भिंतीवर घेतला. आता उजेड डावीकडून येतो. आजी तेथेच बसून पुस्तकही वाचते.

उजेड कामावर पडावा, डोळ्यांत जाऊ नये. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीने उजेड वाढतो. शोभा हवी? एलईडी दिव्यावर बांबूची टोपली पालथी टांगा. भिंतीवर सुंदर जाळी उमटते.

खर्चाचा हिशेबही पहा. ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढा उजेड देतो. रोज ५ तास लावला, तर ३० दिवसांत जुना बल्ब ९ युनिट वीज खातो. एलईडीला दीड युनिटही लागत नाही.

आज रात्री सूप घेऊन बसा. तुमची सावली कोठे पडते?