धरणाच्या वरच्या अंगाची नोकरी

मुंबईच्या पिण्याच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसा धरणातून येतो. तानसा तर 1892पासून शहराची तहान भागवतो आहे. दोन्ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली. याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि त्यांच्यासाठी आखलेल्या नळयोजनेचं पाणी यायचं आहे ते नाशिक जिल्ह्यातल्या, इगतपुरीजवळच्या भावली धरणातून. ही विसंगती भाषणांत दरवर्षी गाजते. दहावी-बारावीच्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी मात्र तिच्याकडे रोजगाराच्या नजरेनेही पाहायला हवं. पाणी, जंगल आणि जमीन यांची घडी जिथे विस्कटलेली आहे, तिथे ती बसवणाऱ्या माणसांची गरज आज ना उद्या लागणारच. नदीखोरं सांभाळण्याचं काम हा शहापूर-मुरबाडच्या मुलांसाठी पोटापाण्याचा खरा पर्याय आहे. अट एकच: निसर्गाची आवड आहे एवढ्यावर त्यात उडी घेऊ नये, आधी एक पक्कं कौशल्य हाती घ्यावं.

हे काम कोणत्याही एका खात्याचं का नाही, ते भूगोलातूनच कळतं. सह्याद्रीच्या कड्यांवर कोसळणारा पाऊस काळ्या कातळावरून झरझर उतरतो. या खडकात पाणी साठायला जागा कमी, त्यामुळे जुलैत दुथडी वाहणारा ओढा फेब्रुवारीत कोरडा पडतो. भातसा काळूला मिळते, काळू पुढे उल्हासला. धरणातून सोडलेलं भातसाचं पाणी नदीच्याच पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून उचलून मुंबईकडे नेलं जातं. म्हणजे काठावरचं जंगल, गावाचं सांडपाणी, डोंगरउतारावरची माती, साऱ्याचा हिशेब शेवटी शहराच्या नळाशी येतो. पण जंगल वनखात्याकडे, धरण पाटबंधाऱ्याकडे, गावची योजना जिल्हा परिषदेकडे, मुरबाडच्या बाजूचं बारवी धरण एमआयडीसीकडे आणि वनहक्क ग्रामसभेकडे. वन्यप्राण्यांना या सीमा ठाऊक नसतात. 2009मध्ये माळशेज घाटात सोडलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला ‘आजोबा’ हा बिबट्या मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून उलगडलेल्या या प्रवासाने दाखवलं की माळशेज ते बोरिवली हा एकच पट्टा आहे, आणि तो राखायचा तर अनेकांना एका टेबलाशी बसवावं लागेल.

असं एकत्र बसवण्याला पैशाचा आधार असू शकतो, हे न्यूयॉर्कने दाखवलं आहे. 1997मध्ये त्या शहराने वरच्या डोंगरभागातल्या गावांशी करार केला: तिथली जमीन आणि शेती पाण्याला जपणारी राहावी म्हणून शहराने खर्च उचलायचा, बदल्यात अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प टळायचा. आपल्याकडे याच्या उलट काय होतं, ते मुरबाडच्या काळू धरणाने दाखवलं. सुमारे 1000 हेक्टर वनजमीन बुडवणाऱ्या या धरणाचं काम वनखात्याची मंजुरी मिळण्याआधीच सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि 2012मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवलं. धरण हवं की नको हा वाद बाजूला ठेवला, तरी करिअरच्या दृष्टीने यातला धडा सरळ आहे. कोट्यवधींचा प्रकल्प अडला तो सिमेंटच्या टंचाईमुळे नव्हे. नकाशा, कायदा आणि गाव यांचा मेळ कामाआधी कुणी घातला नव्हता, म्हणून तो अडला. असा मेळ घालता येणं हेच या क्षेत्रातलं कौशल्य.

प्रत्यक्ष काम दिसतं कसं? पाड्यावरच्या झऱ्याचं उदाहरण घ्या. दिवाळीनंतर दहा लिटरची बादली पन्नास सेकंदांत भरली, तर झरा दिवसाला 17,280 लिटर पाणी देतो. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या मापाने ते 314 माणसांना पुरतं. मे महिन्यात तीच बादली भरायला दहा मिनिटं लागली, तर दिवसाचं पाणी 1,440 लिटर, म्हणजे जेमतेम 26 माणसांचं. हा आकडा वहीत आला की पुढचे प्रश्न उभे राहतात. झऱ्याला पाणी पुरवणारा उतार कोणता? तो वनखात्याचा की सामूहिक वनहक्काचा? तिथे चर खोदायचे, झाडं राखायची की चराई काही वर्षं थांबवायची? खर्च कोणत्या योजनेतून? बादली आणि घड्याळ कुणालाही मिळतं; उतार ओळखायला भूशास्त्र लागतं, हद्द दाखवायला जीआयएस म्हणजे संगणकीय नकाशांचं तंत्र, ठराव लिहायला कायदा, आणि ग्रामसभेत बोलायला इथली बोली. शेवटची गोष्ट कोणत्याही महाविद्यालयात शिकवत नाहीत. ती ठाकूर, कातकरी, वारली, आगरी, कुणबी घरांतल्या मुलांकडे आधीच आहे.

वाटा अनेक आहेत. बारावी विज्ञाननंतर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी आहे आणि कृषी अभियांत्रिकीही, जिच्यात मृद व जलसंधारण हा एक मुख्य विषय असतो. भूशास्त्रात एम.एस्सी. केल्यास राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेसारख्या ठिकाणी किंवा पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’सारख्या संस्थेत उपयोग होतो. अभियंत्यांना ‘गेट’ देऊन आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करता येतं, ग्रामीण पाणीप्रश्न हा या केंद्राचा जुना विषय. दहावीनंतरचा स्थापत्य डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड हीसुद्धा भक्कम सुरुवात आहे. वनरक्षक भरतीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी उत्तीर्ण असावं लागतं. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीची सवलत मिळत आली आहे. अटी मात्र प्रत्येक जाहिरातीत तपासून घ्याव्यात. कला शाखेच्या मुलांनीही मागे हटू नये: वनहक्क कायदा आणि आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा जाणणारा वकील, ग्रामसभेचे हिशेब नीट ठेवणारा कॉमर्सचा पदवीधर यांची वानवा आहे.

पालकांची पहिली शंका नोकरीच्या खात्रीची, आणि ती रास्त आहे. मृद व जलसंधारण विभागाने जलसंधारण अधिकाऱ्यांची 670 पदं काढली, तेव्हा एकदा झालेली परीक्षा रद्द करून पुन्हा घ्यावी लागली. सरकारी भरतीवर सगळा डाव लावू नये, हेच यातून दिसतं. स्वयंसेवी संस्थांतलं काम बहुधा प्रकल्पापुरतं असतं, निधी कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून, येतो आणि सुरुवातीचा पगार ठाण्या-कल्याणच्या आयटी कंपनीशी स्पर्धा करत नाही. म्हणूनच कौशल्याची अट घातली. ‘पर्यावरण’ असं ढोबळ नाव असलेली पदवी घेतलेल्याला प्रकल्प संपला की हात चोळत बसावं लागू शकतं. सर्वेक्षण, जीआयएस किंवा भूशास्त्र येणाऱ्याला रस्ते, नगररचना, पाणीपुरवठा ही दारंही उघडी राहतात. आधी विद्या सर्वत्र चालणारी, मग तिचा वापर खोऱ्यासाठी, हा क्रम पाळला तर धोका बराच कमी होतो.

दुसरी शंका याहून टोकदार आहे: खाती आणि गावं यांना एकत्र बसवणारी ही भागीदारी आहे कुठे? कागदावर आहे. महाराष्ट्राच्या 2005च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पाटबंधारे महामंडळांनाच नदीखोरे अभिकरणाचा दर्जा दिला, त्यामुळे कोकणची जबाबदारी कोकण पाटबंधारे विकास महामंडळाकडे येते. पण धरण बांधणं आणि खोरं सांभाळणं ही वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यासाठी लागणारं मनुष्यबळ अजून तुटपुंजं आहे. तरीही दट्ट्या वाढतो आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या यादीत देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले 53 महाराष्ट्रातले, आणि उल्हास त्यांत होती. न्यायालयं आणि हरित लवाद आराखडे मागतात, ते आराखडे कुणाला तरी करावे लागतात. संस्था आधी आणि माणसं नंतर, असंच घडतं असं नाही. तयार माणसं असली की संस्थेला काम सुरू न करण्याची सबब उरत नाही.

राहिला प्रश्न प्रतिष्ठेचा. एवढं शिकून पुन्हा रानातच जायचं का, असं घरात विचारलं जातं. मुलगी असेल तर फिरतीची काळजी वेगळी. फिरती असते, पण नकाशे, आकडेमोड, कायदा आणि अहवाल यांचं मोठं काम कार्यालयात चालतं, आणि घरातलं पाणी भरणाऱ्या बायकांशी मुली जेवढं मोकळं बोलतात तेवढं पुरुष अधिकारी क्वचितच बोलू शकतो. तेव्हा निर्णय भावनेवर सोडू नका. यंदाच्या सुट्टीपासून मुलाला किंवा मुलीला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिकू द्या, गावातल्या एका विहिरीची पातळी दर पंधरवड्याला मोजून लिहू द्या आणि ग्रामसभांना शेवटपर्यंत बसवा. तिन्ही गोष्टी वर्षभर टिकल्या तर वरच्यापैकी एका अभ्यासक्रमाचा अर्ज भरा. कंटाळा आला तर बिनधास्त दुसरी वाट धरा. वर्षभराच्या या चाचणीत तुमची दमडीही बुडालेली नसेल.