फाइलींची शिरगणती

जनगणनेच्या वेळी घरोघर हिंडणारे प्रगणक तुमच्या घरच्या वडीलमंडळींनी २०११ साली पाहिले असतील. पुष्कळदा हे प्रगणक म्हणजे गावातल्या शाळेचे शिक्षकच असतात. एखाद्या घराला कुलूप दिसले, तर प्रगणक ते घर नुसते सोडून पुढे जात नाही. ‘घर बंद’ अशी नोंद करतो. ही नोंद न करणारा प्रगणक केवढा घोटाळा करील पाहा. त्याचा तक्ता नीटनेटका दिसेल, बेरजा जुळतील, आणि तरीही माणसे गळालेली असतील.

आज आपण जी शिरगणती पाहणार आहोत ती माणसांची नव्हे, संगणकावरील फाइलींची आहे. पण बंद घराचा प्रश्न तेथेही जसाच्या तसा येतो. मला तो चांगलाच महागात पडला. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम ‘सामायिक फोल्डर’ म्हणजे काय ते समजून घेऊ. शाळेतील दहा-पंधरा संगणक तारांनी एकमेकांना जोडले, की त्यांचे जाळे तयार होते. त्यांतील एका संगणकाच्या चकतीवरचा एखादा फोल्डर इतरांसाठी खुला ठेवता येतो. बाकीच्या संगणकांवर बसलेल्यांना तो आपल्याच संगणकावर असल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक वेळी जाळ्यातून एक प्रश्न जातो, ‘या फोल्डरमध्ये काय काय आहे?’, आणि पलीकडून उत्तर येते. हे प्रश्न आणि उत्तरे कोणत्या भाषेत असावीत याचे नियम ठरलेले आहेत. विंडोज संगणक ज्या नियमांनी बोलतात त्यांना एसएमबी म्हणतात. ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केले. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास दोन संगणकांमधले असले बोलणे बाहेरून ‘ऐकून’ त्याचे नियम ओळखले आणि युनिक्स संगणकांना तशाच नियमांनी बोलायला लावले. पुढे या आज्ञावलीला नाव हवे झाले, तेव्हा एस, एम, बी ही तीन अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द त्याने संगणकातील शब्दसंग्रहातून एका आज्ञेने शोधून काढले. त्यांत ‘सांबा’ हा शब्द निघाला. तेच नाव कायम झाले.

आता आज्ञांकडे वळू. येथे त्या देवनागरीत छापल्या आहेत; कळफलकावर मात्र त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकायच्या, हे विसरू नका. विंडोजमध्ये आज्ञांची काळी खिडकी उघडा आणि लिहा:

डिर \\ग्रंथालय\पाऊस /एस /बी /ए

‘डिर’ म्हणजे यादी दे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सांगतात की पुढचा शब्द दुसऱ्या संगणकाचे नाव आहे. त्यानंतर येते ते सामायिक फोल्डराचे नाव. ‘एस’ म्हणजे आतल्या फोल्डरांतही शीर, ‘बी’ म्हणजे तारीख-आकार वगळून केवळ नावे लिही, आणि ‘ए’ म्हणजे लपवलेल्या फाइलीही दाखव. ‘ए’ गाळलात तर लपलेल्या फाइली यादीत येणार नाहीत. लिनक्समध्ये हेच काम ‘फाइंड’ ही आज्ञा करते. तेथे सामायिक फोल्डर आधी आपल्या फोल्डरांच्या झाडाला एका फांदीसारखा जोडून घ्यावा लागतो. मग त्याच्यात शिरून लिहायचे:

फाइंड . -टाइप एफ > यादी

येथील टिंब म्हणजे ‘मी उभा आहे त्या फोल्डरापासून’, ‘-टाइप एफ’ म्हणजे फक्त फाइली, आणि बाणासारखे चिन्ह म्हणजे उत्तर पडद्यावर न दाखवता ‘यादी’ नावाच्या फाइलीत लिही. (ही ‘यादी’ त्याच फोल्डरमध्ये लिहिली तर ती स्वतःचेही नाव स्वतःत लिहिते! म्हणून ती बाहेर ठेवावी.)

यातली गंमत अशी की फोल्डर किती खोल आहेत हे संगणकाला आधी मुळीच ठाऊक नसते. मग तो चुकत कसा नाही? एखाद्या मोठ्या वाड्यात तुम्हांला सोडले आणि सगळ्या वस्तू लिहून काढायला सांगितल्या, तर काय कराल? एकच नियम पुरतो: खोलीत शिरा, दिसतील त्या वस्तू लिहा, आतले दार दिसले की त्यातून जाऊन हाच नियम पुन्हा पाळा, आणि ती खोली संपली की आलेल्या दाराने परत फिरून राहिलेले काम पुढे चालवा. नियमाच्या पोटात तोच नियम आहे. गणितात याला पुनरावर्तन म्हणतात. परतीची दारे लक्षात ठेवण्यापुरती स्मृती असली की शंभर खोल्यांचा वाडाही बिनचूक फिरून होतो. मात्र एखादे दार फिरवून पुन्हा पहिल्याच खोलीत उघडत असेल, तर हा नियम पाळणारा जन्मभर फिरत राहील! फाइलींच्या जगात अशी दारे असतात. दुसरीकडे बोट दाखवणारे नुसते दुवे. म्हणून ‘फाइंड’ मुद्दाम सांगितल्याशिवाय अशा दुव्यांतून आत जात नाही.

जाळ्यावर हे हिंडणे मंद का होते, याचाही हिशेब करून पाहू. समजा, एक फोल्डर उघडून त्याची यादी मिळवून तो बंद करायला तीन प्रश्नोत्तरे लागतात आणि एकूण १०,००० फोल्डर आहेत. शाळेच्या जाळ्यात एका प्रश्नोत्तराला अर्धा सहस्रांश सेकंद धरला, तर सगळे काम १५ सेकंदांत आटोपते. आता हाच सामायिक फोल्डर लंडनला आहे आणि आपण मुंबईत बसलो आहोत असे समजा. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यालाच ७२ सहस्रांश सेकंद. तीस हजार प्रश्नोत्तरांना २,१६० सेकंद, म्हणजे ३६ मिनिटे! यात संगणकाचा काही दोष नाही. तार कितीही जाड घेतली तरी प्रकाश अधिक वेगाने जाणार नाही. उपाय सोपा आहे. चकती ज्या संगणकात आहे त्याच संगणकावर आज्ञा चालवावी आणि तयार यादी तेवढी मागवून घ्यावी.

आता माझी हकीकत. मराठवाड्यातील एका शाळेत मुलांनी पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी साडेआठला पावसाचे मिलिमीटर मोजून महिन्याची एक फाइल करायची, आणि वर्षाचा एक फोल्डर, असा परिपाठ होता. २००९ ते २०१८ अशी दहा वर्षे हे काम अखंड चालले. जुनी चकती कुरकुर करू लागली, तेव्हा सगळे नव्या चकतीवर हलवायचे काम मी अंगावर घेतले. रात्री अकराला नक्कल करण्याची आज्ञा आपोआप सुरू होईल असे लावून दिले. सकाळी जुन्या आणि नव्या दोन्ही जागांची यादी वर दिलेल्या आज्ञेने काढली, ‘सॉर्ट’ने दोन्ही अक्षरक्रमाने लावल्या (हे आवश्यक आहे, कारण ‘फाइंड’ कोणताही ठरावीक क्रम पाळत नाही) आणि ‘डिफ’ या आज्ञेने ताडून पाहिल्या. फरक शून्य. दोन्हीकडे १०८ ओळी. मी निर्धास्त होऊन जुनी चकती पुसून टाकली.

१०८ हा आकडा आपल्याकडे शुभ मानतात. मला मात्र तो पाहून धास्ती वाटायला हवी होती. दहा वर्षे आणि दर वर्षाच्या बारा फाइली: १२० ओळी पाहिजेत! २०१४ चा फोल्डर एका विद्यार्थ्याने आपल्या स्वतःच्या नावाने तयार केला होता आणि तो दुसऱ्या कोणाला उघडता येणार नाही अशी परवानगी त्याला लागलेली होती. नक्कल करणारी आज्ञा माझ्या नावाने चालली. तिला तेथे कुलूप दिसले. यादी करणारी आज्ञाही माझ्याच नावाने चालली. तिलाही तेच कुलूप दिसले. दोन्ही याद्या जुळणारच होत्या, कारण दोन्ही एकाच डोळ्याने पाहून लिहिलेल्या होत्या. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात जी मोठी गारपीट झाली, तिच्या दिवसांच्या नोंदी त्याच फोल्डरमध्ये होत्या. कागदी वहीत जून ते सप्टेंबर एवढेच उतरवलेले सापडले. बाकीचे महिने गेले ते गेलेच.

‘परवानगी नाही’ असे संगणकाने सांगितले नव्हते काय? सांगितले होते! पण येथे एक बारकावा आहे. लिनक्समधील आज्ञेला बोलायला दोन वाटा असतात. पहिल्या वाटेने उत्तर जाते, दुसऱ्या वाटेने तक्रार. बाणाचे चिन्ह फक्त पहिली वाट फाइलीकडे वळवते. तक्रार पडद्यावरच जाते. नक्कल रात्री झाली, तेव्हा पडद्यासमोर कोणी नव्हते. सकाळच्या यादीच्या वेळी पडद्यावर एक ओळ उमटली होती, पण माझे सगळे लक्ष फाइलीकडे. म्हणून आज्ञा अशी हवी होती:

फाइंड . -टाइप एफ > यादी २> चुका

येथे २ या अंकाने दुसरी वाट ‘चुका’ नावाच्या फाइलीत वळवली. ‘चुका’ ही फाइल रिकामी असली तरच ‘यादी’वर विश्वास टाकावा. हीच ती ‘घर बंद’ची नोंद. शिवाय आज्ञा संपताना संगणकाला एक अंक देऊन जाते. सारे सुरळीत झाले तर ०, कोठे अडथळा आला तर ० खेरीज दुसरा. चार-पाच आज्ञा एका फाइलीत लिहून आज्ञावली केली, की तो अंक तपासण्याचे कामही तिलाच सांगता येते: ० नसेल तर पुढे जाऊ नकोस. आणि यादी ताडायची ती शक्यतो दुसऱ्या यादीशी नव्हे, आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या संख्येशी. दहा गुणिले बारा करायला संगणक लागत नाही.

यापुढची अडचण खास आपली, मराठी नावांची आहे. विंडोजच्या काळ्या खिडकीतून ‘डिर’ची यादी फाइलीत लिहिली, तर देवनागरी नावांच्या जागी पुष्कळदा प्रश्नचिन्हांची रांग दिसते. ती खिडकी जुनी, मोजक्या अक्षरांची लिपिसारणी वापरते, म्हणून असे होते. आधी ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा द्या, म्हणजे युनिकोडची सारणी लागू होते आणि नावे नीट उतरतात.

पण खरी मौज आहे ती अर्ध्या र ची! ‘वाऱ्या’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्’ युनिकोडमध्ये तीन प्रकारांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ‘ऱ’ हे एकच चिन्ह आणि पुढे हलन्त. दोन, साधा ‘र’, मग वेगळा नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त आणि पुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ती तीन निरनिराळी नावे वाटतात. मॅक संगणकांवर १९९८ पासून आलेली एचएफएस प्लस ही व्यवस्था नावे साठवताना पहिला प्रकार फोडून दुसरा करून ठेवीत असे. त्यामुळे तेथून आलेल्या आणि विंडोजवर टंकलेल्या याद्या ताडल्या, की डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावे ‘डिफ’ वेगळी म्हणून दाखवते, आणि माणूस बुचकळ्यात पडतो. पहिला आणि दुसरा प्रकार सारखेच मानावेत असा युनिकोडचा नियम आहे, आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या मिळतात. तिसरा प्रकार मात्र या नियमात बसत नाही. त्याला स्वतःच बदलून घ्यावे लागते.

करून पाहा: लिनक्स संगणकावर एका रिकाम्या फोल्डरमध्ये ‘वाऱ्या’ या नावाच्या तीन फाइली या तीन प्रकारांनी तयार करा. तिन्ही एकत्र नांदतात की नाही ते ‘एलएस’ या आज्ञेने पाहा. मग प्रत्येक नावाचे बाइट मोजा. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि त्या न दिसणाऱ्या जोडचिन्हालाही ३. एका नावाचे १८ बाइट भरतील, उरलेल्या दोन नावांचे प्रत्येकी २१. आता प्रश्न असा: २१ बाइटांच्या त्या दोन नावांपैकी कोणते दुसऱ्या प्रकारचे आणि कोणते तिसऱ्या, हे नुसत्या मोजणीने कळणार नाही. मग ते कसे ओळखाल?