जुळविलेले लग्न, दुभंगलेला संसार : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

वडीलधाऱ्यांनी ठरविलेला विवाह, परस्परांना अनोळखी असलेली दोन माणसे आणि सहवासात हळूहळू भरून येणारी जुनी जखम, हा ऐतिहासिक प्रणयकथेचा एक लोकप्रिय साचा आहे. आगितोगी अकुमी यांच्या, ‘माझे सुखी लग्न’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या जपानी कादंबरीमालेवर आधारलेली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आणि २०२३ मधील चलत्चित्रमालिका यांनी हा साचा नव्या वाचकवर्गापर्यंत नेला. सावत्र आईच्या जाचात मोलकरणीसारखी वाढलेली मियो, कठोर म्हणून ख्यात असलेल्या कियोका कुदो या सेनाधिकाऱ्याच्या घरी वधू म्हणून पाठविली जाते. तिने केलेल्या स्वयंपाकाची तो स्तुती करतो आणि तिला रडू कोसळते. कथेतील अलौकिक शक्तींचा भाग येथे बाजूला ठेवता येईल. तिची भावरचना मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे : दुःख माहेरचे, आणि उपचार पतीचा.

मराठीत याच विषयाचा खराखुरा दस्तऐवज शोधू गेल्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पाशी (चार भाग, १९३४–३७) यावे लागते. आरंभ तर थेट त्या साच्यातला वाटावा असा आहे. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाल्यापासून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने ग्रासले होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात येत नसे, आणि या शुद्धीचा सारा भार घरातील बायकामुलींवर पडे. अशा घरातील मनू १८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, नारायण वामन टिळकांशी विवाहबद्ध होऊन लक्ष्मी झाली. टिळक कवी, उदार, शीघ्रकोपी आणि कमालीचे अस्थिर. अक्षरांची खरी ओळख तिला झाली ती या पतीमुळेच. येथपर्यंत साचा टिकतो. पुढे तो मोडतो, कारण लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठा घाव माहेराने घातलेला नाही. तो पतीने घातला.

या घावाचा उगम पूर्व विदर्भातील वाचकांना परिचित असलेल्या एका वाटेवर आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारी आगगाडी भंडारा जिल्ह्यातून जाते : वरठीचे भंडारा रोड स्थानक, तुमसर रोड, मग वैनगंगा ओलांडून गोंदिया (हा भाग १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता). १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या प्रवासात टिळकांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्यांशी गाठ पडली. वॉर्डांनी त्यांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आगगाडीच्या डब्यातले एक संभाषण म्हणून वाङ्मयेतिहासात या भेटीचा उल्लेख कौतुकाने होतो. त्या डब्यात नसलेल्या बाईला त्याचे काय मोल द्यावे लागले, हे मात्र ‘स्मृतिचित्रे’च सांगते.

पुढील सुमारे पाच वर्षांचा वियोग हा ग्रंथाचा गाभा होय. पती जिवंत आणि तरी संसार संपलेला, अशा अवस्थेला तत्कालीन समाजाजवळ नावच नव्हते. विधवेला निदान एक जागा होती, ती कितीही अमानुष असो. लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने राहिल्या, दुःखाने वेड लागण्याच्या काठावर गेल्या, आणि याच काळात त्या कविता रचू लागल्या. पती शिक्षक असला, तरी कवितेचा पहिला पाझर त्याच्या अनुपस्थितीत फुटला, ही गोष्ट अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

पुनर्मीलनाचा भाग तर अधिक सूक्ष्म आहे. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या आपल्या अटींवर : धर्म आपला, अन्नपाणी वेगळे. आणि टिळकांनी, एरवी क्षणात पेटणाऱ्या या माणसाने, ते चालू दिले. सोवळ्याने ज्या मुलीचे बालपण पोखरले, तिनेच आता सोवळ्याचा आधार आपली स्वतंत्र जागा राखण्यासाठी घ्यावा, हा विरोधाभास विलक्षण आहे. जातिभेद मनुष्यकृत आहे हा निर्णय त्यांच्या मनाने पुढे स्वतःच्या गतीने केला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘पतीच्या मागोमाग गेलेली निष्ठावंत पत्नी’ असे जे वर्णन वर्गातील टिपणांत आणि उत्तरपत्रिकांत आढळते, ते म्हणूनच अपुरे आहे. १९५० मध्ये आलेल्या इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकाचा अर्थही ‘मी मागून जाते’ असाच होतो! मधली पाच वर्षे आणि वेगळी चूल या वर्णनातून गळून पडतात.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील काही आठवणी’शी (१९१०) तुलना येथे उपयुक्त ठरते. १८७३ मध्ये, पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर, वडिलांच्या आग्रहाने रानड्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने कुमारिकेशी लग्न केले म्हणून टीका झाली. घरातील स्त्रियांचा शिकण्याला विरोध, आणि पतीची संयत, अढळ पाठराखण : जपानी प्रणयकथेच्या भावरचनेला हे पुस्तक ‘स्मृतिचित्रे’पेक्षा कितीतरी जवळचे आहे. पण रमाबाईंच्या निवेदनात पती सदैव आदराच्या उंचीवर राहतो. लक्ष्मीबाई टिळकांना हसू शकतात. त्यांचा विसराळूपणा, हातातले दुसऱ्याला देऊन टाकण्याची खोड, रागाचे झटके, हे सारे त्या बोलीच्या लयीत, लहान लहान वाक्यांत, तक्रारीचा सूर न लावता सांगतात. भरून आलेल्या जखमेची खूण शोधायची तर ती प्रेमाच्या उद्गारांत सापडणार नाही. ते ग्रंथात फारसे नाहीतच. ती या विनोदात आहे. ज्या माणसाने आपल्याला उद्ध्वस्त केले त्याची नक्कल त्याच्यावर माया ठेवून करता येणे, हे क्षमेच्या कोणत्याही विधानापेक्षा अधिक पटणारे आहे.

उपचार एकाच दिशेने वाहिला नाही, याचा पुरावा ग्रंथाबाहेरही आहे. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ महाकाव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून झाले होते. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३६ मध्ये त्यांच्या निधनानंतर शेवटचा, शहात्तरावा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ मध्ये काव्य प्रसिद्ध झाले.