जोत्याखालील अदृश्य गळती : शोध आणि उपाय

वर्धा जिल्ह्यात घराच्या भिंतीला भेग पडली, की तिचा दोष सामान्यतः काळ्या जमिनीला दिला जातो. तो बव्हंशी योग्यही असतो. काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झालेली ही चिकण माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तथापि काही घरांत भेगेचे मूळ पावसाच्या पाण्यात नसून घरातीलच नळाच्या पाण्यात असते. जोत्याच्या भरावातून, काँक्रीटच्या फरशीखालून नेलेला पाइप एखाद्या सांध्यात झिरपू लागला, की ते पाणी वर न दिसता खाली मुरत राहते. गळती लक्षात येते तेव्हा बराच काळ लोटलेला असतो. फरशी न फोडताही तिचा माग काढता येतो. त्यासाठी महागड्या यंत्रापेक्षा क्रमवार तपासणीची अधिक आवश्यकता असते.

तिहेरी नुकसान

पहिले नुकसान पाण्याचे. दर 10 मिनिटांस 1 लिटर पाणी झिरपत असेल, तर दिवसाला 144 लिटर व 30 दिवसांत 4,320 लिटर पाणी वाया जाते. 2019 मध्ये घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज 55 लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने ही लहानशी गळती दोन माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी गिळंकृत करते.

दुसरे नुकसान पायाचे. एका कोपऱ्याखालची काळी माती सतत ओली राहून फुगते आणि उर्वरित घराखालची माती कोरडी असते. पाया सर्वत्र सारखा उचलला न गेल्यामुळे दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरकस भेगा निघतात व दारे चौकटीत अडकू लागतात. मोठ्या कष्टाने उभारलेल्या घरकुलाला ही हानी परवडणारी नसते.

तिसरे नुकसान आरोग्याचे, आणि तेच सर्वांत गंभीर होय. ठरावीक वेळीच पाणीपुरवठा होत असेल, तर पुरवठा थांबताच पाइपमधील दाब नाहीसा होतो. मग ज्या छिद्रातून पाणी बाहेर पडत होते, त्याच छिद्रातून सभोवतालचे दूषित पाणी आत शिरू शकते. जवळून सांडपाण्याची नळी जात असल्यास हगवण, विषमज्वर, कावीळ यांसारख्या रोगांना घरातच वाट मिळते.

ओल कोठून आली?

प्रत्येक ओल ही गळती नव्हे. जमिनीतील ओलावा भिंतींत वर चढतो, तेव्हा तो बहुधा अनेक भिंतींच्या तळाशी सारख्या पट्ट्यात दिसतो. पावसाची ओल ऋतूबरोबर ओसरते. परंतु वैशाखाच्या उन्हातही फरशीचा एकच भाग दमट राहणे, एकाच जागी लोणा धरणे वा रंगाचे पोपडे सुटणे, जोत्यालगत एकाच ठिकाणी हिरवे गवत टिकून राहणे, ही गळतीची लक्षणे समजावीत. सर्व तोट्या बंद असताना पाणी वाहिल्याचा आवाज येणे हेही तसेच लक्षण होय.

क्रमवार परीक्षा

घरातील पाण्याच्या मार्गाचे तीन भाग पडतात : मुख्य जोडणीपासून टाकीपर्यंत, टाकीपासून तोट्यांपर्यंत आणि सांडपाण्याचा मार्ग. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासावा.

पहिल्या भागासाठी पुरवठ्याच्या वेळी टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह आणि त्या पाइपवरील सर्व तोट्या बंद कराव्यात. तरीही मीटरचे चाक फिरत असेल, तर मीटर व टाकी यांच्या दरम्यान गळती आहे. मीटर नसल्यास नळ कारागिराकडून दाबमापक बसवून घ्यावा. दोन्ही टोके बंद केल्यावर काटा उतरू लागला, तर निष्कर्ष तोच.

दुसऱ्या भागासाठी रात्री टाकी भरून आत येणारे पाणी बंद करावे, कोणतीही तोटी उघडू नये आणि पाण्याच्या पातळीवर खूण करावी. तळ 1 मीटर लांब व 1 मीटर रुंद असलेल्या टाकीत पातळी 1 सेंटिमीटर उतरली, तर 10 लिटर पाणी गेले असे समजावे. दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्हही बंद ठेवावा. तरीही पातळी उतरली तर दोष टाकीत, न उतरल्यास पुढील पाइपमध्ये. शौचालयाच्या फ्लश टाकीत खाण्याचा रंग टाकून तो भांड्यात उतरतो काय, हेही आधी पाहून घ्यावे. कित्येकदा चोर तेथेच सापडतो.

सांडपाण्याची गळती मीटरवर दिसत नाही. त्यासाठी बाहेरच्या चेंबरमधील नळीचे तोंड बुचाने बंद करून नळीत रंगीत पाणी भरावे व पातळी उतरते काय ते पाहावे.

नेमकी जागा

सदोष भाग निश्चित झाल्यावर रात्रीच्या शांततेत लोखंडी सळईचे एक टोक फरशीवर वा पाइपवर टेकवून दुसरे कानाशी धरावे. दाबाने निसटणाऱ्या पाण्याची सूं सूं गळतीजवळ स्पष्ट होत जाते. जमिनीवर ठेवावयाचे ध्वनिग्राहक यंत्र याच तत्त्वावर चालते. हायड्रोजन व नायट्रोजन यांचे सुरक्षित मिश्रण पाइपमध्ये सोडून वर येणारा वायू टिपण्याची पद्धतही तज्ज्ञ वापरतात.

दुरुस्ती व खबरदारी

शक्य तेथे फरशीखालचा जुना पाइप बंद करून नवा पाइप भिंतीवरून न्यावा. म्हणजे पुढील गळती डोळ्यांना दिसेल. पाइप भिंत ओलांडतो तेथे तो मोठ्या व्यासाच्या नळीतून न्यावा, जेणेकरून जमिनीच्या हालचालीचा ताण त्यावर येणार नाही. दुरुस्तीनंतर भेगा तत्काळ बुजवू नयेत. माती पूर्ववत होण्यास एखादा ऋतू जाऊ द्यावा. भेगा वाढतच राहिल्यास स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

ग्रामोद्योग संघाची 1934 मध्ये स्थापना झालेल्या वर्ध्याला विज्ञान खेड्याच्या दारी नेण्याची परंपरा आहे. त्याच दृष्टीने ग्रामपंचायतींनी घरकुलाचे जोते भरण्यापूर्वी पाइपची दाबचाचणी करून घेण्याचा व पाइप कोठून गेला याचा साधा नकाशा जपून ठेवण्याचा पायंडा पाडावा. शिक्षकांनी टाकीची पातळी व वाया गेलेले पाणी यांचे गणित विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच घरी सोडवून घ्यावे. गळतीचा संशय असलेल्या घरातील पिण्याचे पाणी, गावात तपासणी संचाचे प्रशिक्षण घेतलेल्या महिलांकडून तपासून घ्यावे आणि निष्कर्ष हाती येईपर्यंत ते उकळूनच प्यावे.